कमी पैशांत दमदार बेस: घरगुती म्युझिक सिस्टीमच्या निवडीचा आढावा

घरात गाणी ऐकायला म्युझिक सिस्टीम घ्यायची आहे, खर्च पाच-सहा हजारांपासून फार तर वीस हजारांपर्यंत करता येईल, आणि बेस दमदार हवा. ही मागणी घेऊन चार ठिकाणी विचारले तर चार सल्ले मिळतात. एक दुकानदार टू पॉइंट वन (दोन छोटे स्पीकर आणि बेसची एक वेगळी पेटी) दाखवतो, दुसरा साउंडबार, तिसरा चाके लावलेला पार्टी स्पीकर. आणि सोबत आवाजाचा शौकीन मित्र असेल तर तो म्हणतो, हे सगळे राहू दे, दोन चांगले स्पीकर घे. यातला कोणताही सल्ला निराधार नाही.

मग मतभेद का? बेस भरपूर असणे, तो खोल जाणे आणि तो आटोक्यात असणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सल्ला देणारा प्रत्येक जण त्यातली एकच मनात धरून बोलत असतो. सातारा-कोल्हापूरकडच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीचा ठोका छातीवर बसतो, पण त्याचा बराचसा जोर ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातला असतो. तो भरपूर असतो, फार खोल नसतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो, आणि तो स्वर म्हणून ऐकू यायला खोली लागते. तबल्याच्या डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड ऐकायची तर खोलीपेक्षा ताबा महत्त्वाचा, कारण वूफर घुमत राहिला की ती मींड एका सपाट गुंजनात बुडून जाते. वीस हजारांच्या आत या तिन्ही गोष्टी पुरेपूर मिळत नाहीत. कोणती कमी चालेल हे दुकानात शिरण्यापूर्वी ठरवलेले बरे.

उघड्या पेटीपासून सबवूफरपर्यंत

आजच्या बहुतेक स्पीकरचा मूळ आराखडा १९२५ सालचा आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी तेव्हा चुंबकात हलणारे कॉइल आणि त्याला जोडलेला पडदा अशी रचना मांडली. मात्र पडदा पुढे सरकताना जशी पुढची हवा दाबतो, तशीच मागची हवा विरळ करतो. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खालचे स्वर खोडले जातात. ठाण्याच्या कारखान्यात बनणारे मर्फीचे रेडिओ असोत की फिलिप्सचे, त्या लाकडी पेट्या मागून उघड्या असत. आवाज उबदार लागे, बोलणे सुस्पष्ट येई, पण खरा खोल बेस त्यांत नसे.

मागच्या लाटेचे काय करायचे, याची दोन उत्तरे निघाली. बेल लॅबोरेटरीजमधल्या आल्बर्ट थुरास यांनी पेटीला मोजून भोक ठेवले आणि मागची लाट योग्य वेळी पुढच्या लाटेच्या मदतीला आणली. त्याचे पेटंट १९३२ साली मिळाले. आजच्या स्वस्त सबवूफरच्या पेटीला जो गोल पाइप दिसतो, तो याच कल्पनेचा वंशज. दुसरे उत्तर एडगर विलचर यांचे. १९५४ साली त्यांनी एआर-१ या स्पीकरमध्ये पेटी पूर्ण बंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरले. पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढ्या पेटीतून लोकांना खालचे स्वर ऐकू आले. पुढे नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात या दोन्ही पद्धतींचे गणित पक्के बसवले. आज कोणताही कारखाना पेटी कापण्यापूर्वी हेच गणित करतो.

आपल्याकडे बेसची ओढ बाजारात दिसू लागली ती कॅसेटच्या काळात, टू-इन-वनवरच्या ‘मेगा बास’सारख्या बटणांतून. १९९१ नंतर जपानी हाय-फाय सेट सहज मिळू लागले. सोनीने १९९४ साली भारतात कंपनी उभी केली. मग व्हीसीडीबरोबर फाइव्ह पॉइंट वन होम थिएटर आले, संगणकाबरोबर टू पॉइंट वन. छोटे स्पीकर दिसतील असे ठेवायचे आणि बेसची पेटी सोफ्यामागे दडवायची, ही कल्पना बोसने १९८७ साली मोठ्या प्रमाणावर रुजवली होती. स्वस्त टू पॉइंट वन ही तिचीच जनआवृत्ती. टीव्ही सपाट झाले, त्यांच्यात स्पीकरला जागा उरली नाही, आणि साउंडबार आला.

या साऱ्या वर्षांत दुसरा एक प्रवाह समांतर वाहत राहिला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि तालुक्याच्या गावचा रेडिओ दुरुस्तीवाला मिळून सुटे भाग जुळवत आले आहेत. सॅन्योच्या एलए ४४४० या आयसीचा बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, गाडीतला बारा इंची वूफर आणि सुताराकडून करून घेतलेला प्लायवूडचा बॉक्स, एवढ्यावर कित्येक घरांत दणदणाट झाला आहे. कमी पैशांतल्या बेसचा इतिहास लिहिताना हा प्रवाह वगळला तर तो इतिहास अर्धाच राहील.

तीनपैकी दोनच

बेस म्हणजे शेवटी हवा ढकलणे. स्वर निम्म्याने खाली नेला, म्हणजे ८० हर्ट्झवरून ४० वर आणला, तर तितकाच मोठा आवाज काढायला चौपट हवा सरकवावी लागते. आठ इंची वूफरच्या पडद्याचे क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंटिमीटर, चार इंचीचे पन्नास-पंचावन्न. म्हणजे दोन्ही पडदे सारख्याच अंतरावर पुढेमागे होत असतील तर चार इंची जे ८० हर्ट्झला करतो, ते आठ इंची ४० ला करू शकतो. वूफरचा व्यास हा दिखाऊपणा नाही, एवढे यावरून पटावे.

दुसरा नियम जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. हे केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. लहान पेटी, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, असे हा नियम सांगतो. त्यातला हिशेब कठोर आहे. तेवढ्याच वॉटमध्ये तेवढाच आवाज ठेवून बेस ८० वरून ४० हर्ट्झवर न्यायचा तर पेटीचे आकारमान आठपट लागते. पेटी तीच ठेवली तर वॉट आठपट लागतात, आणि ती उष्णता सोसणारे कॉइलही. बजेटमधल्या यंत्रणांचे सगळे वाद या एका त्रिकोणात फिरतात. साउंडबारवाल्याने पेटीची बचत केली आहे, पार्टी स्पीकरवाल्याने बेसची खोली सोडली आहे, आणि जुन्या मोठ्या वूफरच्या चाहत्याने घरातली जागा दिली आहे.

तिसरा भाग आपल्या कानांचा. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की हळू आवाजात कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढा मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. आवाज वाढवला की ही दरी अरुंद होते. म्हणूनच दुकानात खणखणीत लावलेला सेट भरदार वाटतो आणि तोच घरी रात्री हळू लावल्यावर पोकळ. हळू ऐकणाऱ्याला लाउडनेसचे बटण किंवा बेसची वेगळी कळ खरोखर उपयोगाची आहे. तिला कमी प्रतीची सोय म्हणून हसणे चुकीचे आहे.

वॉटचा आकडा

नव्वदच्या दशकातल्या सेटवर पीएमपीओच्या नावाखाली हजारो वॉटचे स्टिकर असत. क्षणभराच्या तत्त्वतः शक्य शिखराचा तो आकडा. प्रत्यक्ष आवाजाशी त्याचा संबंध नव्हता. आता बहुतेक खोक्यांवर आरएमएस, म्हणजे सतत टिकणारे वॉट, लिहिलेले असते आणि ती सुधारणा आहेच. तरीही हा आकडा किती विकृतीला मोजला, किती हर्ट्झला मोजला, एका चॅनेलचा की सगळ्यांची बेरीज, हे क्वचित लिहिलेले असते. दहा टक्के विकृतीपर्यंत मोजलेला आकडा स्वस्त यंत्रणांत नेहमी आढळतो, आणि तिथे आवाज फाटल्याचे कानाला सहज कळते. अमेरिकेत १९७४ पासून अॅम्प्लिफायरचे वॉट कसे जाहीर करावेत याचा नियम आहे, आणि २०२४ साली तो आणखी कडक झाला.

ग्राहकाला स्वतः करता येण्याजोगी एक पडताळणी आहे. मागच्या पट्टीवर किंवा अडॅप्टरवर विजेचा वापर लिहिलेला असतो. तिथे ४० वॉट असतील तर आतून सतत १०० वॉट निघणे शक्य नाही. कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेमुळे क्षणभराचा ठोका मोठा येऊ शकतो, पण लांबवर धरलेला खालचा स्वर तेवढा टिकत नाही. वर उल्लेखलेली एलए ४४४० आयसी ब्रिज जोडणीतही सुमारे १९ वॉटच देते. त्या १९ वॉटांवर खोली हादरत असे, कारण पुढे बारा इंची वूफर आणि मोठा बॉक्स होता. वॉट दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून ६० आणि ८० वॉटच्या दोन सेटमध्ये निवड करताना वॉट हा शेवटचा निकष ठरावा, असे मला वाटते.

निरनिराळ्या वाटा

पहिली आणि सर्वांत रुळलेली वाट टू पॉइंट वनची. एफ अँड डी, झेब्रॉनिक्स, फिलिप्स, सोनी यांची नावे या वर्गात नेहमी येतात. तिच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा असा की बेससाठी वेगळी पेटी आणि वेगळा वूफर मिळतो, म्हणजे पैसा जिथे लागायला हवा तिथे लागतो. आक्षेप सॅटेलाइटवर, म्हणजे सोबतच्या छोट्या स्पीकरवर, आहे. अडीच-तीन इंची स्पीकर साधारण १५० हर्ट्झच्या खाली फारसे जात नाहीत, त्यामुळे सबवूफरला वरपर्यंत वाजावे लागते. पुरुषाच्या आवाजाचा पाया १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. तो कोपऱ्यातल्या पेटीतून येतो आणि गायक दोन ठिकाणी विभागला जातो. होम थिएटरसाठीच्या टीएचएक्सच्या शिफारशीत ही सीमा ८० हर्ट्झ आहे, कारण त्याखाली आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही. तेव्हा टू पॉइंट वन घेताना सबवूफर जितका निरखतो तितकेच सॅटेलाइटही निरखावेत. चार इंची सॅटेलाइट आणि आठ इंची लाकडी बॉक्सचा सबवूफर असा मेळ या बजेटमध्ये मिळाला तर मी तो सोडणार नाही.

फाइव्ह पॉइंट वनबद्दल थोडक्यात. तेवढ्याच पैशांत सहा स्पीकर घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी पैसा येतो, आणि गाणी तर दोनच चॅनेलची असतात. सिनेमे मुख्य असतील तरच ही वाट.

साउंडबारची बाजू नीटनेटकेपणाची आणि बोलणे स्पष्ट ऐकू येण्याची आहे, आणि टीव्हीसमोर बसणाऱ्या घराला ती रास्त वाटते. डिजिटल प्रक्रियेने लहान वूफरमधून आज जेवढा बेस काढला जातो, तेवढा वीस वर्षांपूर्वी शक्य नव्हता. पण ही प्रक्रिया हॉफमनच्या त्रिकोणाबाहेर जात नाही. ती हळू आवाजात बेस वाढवते आणि आवाज चढवला की वूफर फाटू नये म्हणून बेस गुपचूप कमी करते. हळू ऐकणाऱ्याला ही तडजोड वरदान आहे. नाचायला गाणी लावणाऱ्याची मात्र निराशा होते. वेगळा सबवूफर नसलेल्या बारकडून दमदार बेसची अपेक्षा ठेवू नये.

तिसरी वाट दोन बुकशेल्फ स्पीकरची. एडिफायरचे आर १२८० टी हे या वर्गातले परिचित उदाहरण: चार इंची वूफर, एकूण ४२ वॉट आरएमएस. या बाजूचे म्हणणे असे की आधी मधला पट्टा खरा करा, गायकाचा गळा, हार्मोनियम, सतार नीट येऊ द्या. बेस कमी असला तरी जेवढा आहे तेवढा शुद्ध असतो, आणि पुढे पैसे साठले की सबवूफर जोडा. अभंग, नाट्यसंगीत, ख्याल ऐकणाऱ्यांना हा सल्ला मीही देईन. पण ज्याला बेस हवा म्हणूनच खरेदी करायची आहे, त्याला तो नंतर घे असे सांगणे म्हणजे त्याचा प्रश्नच बदलणे. शिवाय नंतर सबवूफर जोडायला स्पीकरवर सबवूफरची वेगळी जोडणी लागते, आणि ती प्रत्येक मॉडेलला नसते. या गटाने ही अडचण अधिक मोकळेपणाने सांगायला हवी.

जुळवलेल्या किंवा जुन्या यंत्रणेचे समर्थक भौतिकशास्त्राच्या सर्वांत जवळ आहेत, असे माझे मत आहे. दहा-बारा इंची वूफर, मोठा बॉक्स आणि डी वर्गाचा एखादा स्वस्त बोर्ड यांतून जेवढी हवा सरकते, तेवढी त्याच पैशांत तयार यंत्रणेतून सरकत नाही. जोखीमही तेवढीच. वूफरच्या कडेचा फोम काही वर्षांत कुजतो आणि कोकणासारख्या दमट हवेत लवकर, बॉक्सचे माप वूफरशी जुळले नाही तर एकच स्वर घुमत राहतो, वॉरंटी नसते. गाडीचा वूफर हा गाडीच्या बंद, लहान जागेसाठी घडवलेला असतो, तिथे खालचे स्वर आपोआप उचलले जातात. तोच घरात आणला की बेसची खोली कमी झाल्यासारखी वाटते. जुळवून देणारा कारागीर वूफरची मापे विचारून बॉक्स कापत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

पार्टी स्पीकर अंगणात, गच्चीवर, हळदीच्या कार्यक्रमात उत्तम. ६० ते ८० हर्ट्झच्या आसपास मुद्दाम उंचवटा ठेवलेला असल्याने ठोका लांबवर जातो. दहा बाय बाराच्या खोलीत रोज ऐकायला हाच उंचवटा थकवतो.

खोली आणि शेजार

वरच्या सगळ्या मतांत एक गोष्ट सहसा निसटते: बेस स्पीकर आणि खोली मिळून ठरतो. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा स्वर उभा राहतो, बारा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा. भिंतीलगत तो स्वर फुगतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फुटांच्या आसपास असतील तर तिन्ही फुगवटे एकाच स्वरावर चढतात, आणि मग कोणताही सेट आणला तरी एकच ‘बूम’ ऐकू येते. वारंवार सेट बदलणाऱ्या अनेकांची तक्रार मुळात या फुगवट्याची असते.

उपाय फुकट आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवावा, बेसचे ओळखीचे गाणे लावावे आणि भिंतीच्या कडेने वाकून फिरत कुठे बेस सर्वांत समतोल ऐकू येतो ते पाहावे. सापडलेल्या जागी सबवूफर ठेवावा. कोपऱ्यात ठेवल्याने बेस पुष्कळ वाढतो, आणि ६ डेसिबलची वाढ म्हणजे चौपट वॉट विकत घेतल्यासारखे असते. घुमणेही तिथेच सर्वाधिक, म्हणून कोपऱ्यात ठेवल्यावर कळ थोडी खाली आणावी. हारमन कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ साली मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोन सबवूफरनी खोलीभर बेस अधिक एकसारखा होतो असे दिसले. एका मोठ्याऐवजी दोन मध्यम सबवूफर ही कल्पना आपल्या बाजारात अजून फारशी आलेली नाही, आणि ती यावी.

शेजाऱ्यांचा विचार करताना लक्षात ठेवायचे ते असे की भिंत वरचे स्वर चांगले अडवते, खालचे फार कमी. सबवूफरखाली रबर ठेवल्याने फरशीचा कंप आणि मांडणीवरच्या भांड्यांची खणखण कमी होते. हवेतून भिंतीपार जाणारा बेस त्याने थांबत नाही.

अजून न सुटलेले

चांगला बेस किती, यावर संशोधन झाले आहे. हारमनच्या शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली मांडलेल्या प्रतिमानात श्रोत्यांच्या पसंतीतला सुमारे ३० टक्के भाग बेसच्या खोलीशी जोडलेला निघाला. म्हणजे बेसची आवड हा अडाणीपणा नाही. पुढे त्यांच्या गटाने हेडफोनबाबत अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीनमधल्या श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या आणि पसंती बरीच सारखी आढळली. पखवाज, डग्गा आणि ढोल-ताशावर वाढलेल्या कानांची पसंती तीच आहे का, हे त्यातून सांगता येत नाही.

खोक्यावर काय छापावे हाही प्रश्न उघडा आहे. सबवूफर कोणत्या हर्ट्झला किती डेसिबल देतो हे मोजण्याची सीईए २०१० ही पद्धत २००६ पासून उपलब्ध आहे, पण स्वस्त यंत्रणांवर ते आकडे दिसत नाहीत. ‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे छापले तरी ४० हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने पडतो की १० ने, हे कळत नाही, आणि दोहोंत ऐकताना मोठा फरक आहे. बीआयएसची नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची हमी देते. आवाजाच्या दर्जाबद्दल ती काही सांगत नाही.

शेजाराच्या बाबतीत कायदा आणि कान यांच्यात अंतर आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. ही मोजणी ‘ए’ मापनपट्टीने होते, आणि त्या पट्टीत ५० हर्ट्झच्या स्वरातून ३० डेसिबल वजा धरले जातात. हळू आवाज मोजायला ही पद्धत योग्य आहे, आणि इतर गोंगाटाशी तुलना करायला सोयीची, असे तिचे समर्थक म्हणतात. बेस वेगळ्या ‘सी’ पट्टीने मोजावा असे दुसरे मत आहे, कारण भिंतीपार पोहोचणारा आवाज जवळजवळ सगळा खालचाच असतो. हा वाद मिटेपर्यंत यंत्रावर मर्यादेतला आकडा दिसत असताना पलीकडच्या घरातले लोक झोपू न शकण्याची शक्यता कायम राहते.